शब्द आणि स्वरप्रकार : एल्व्हिस कॉस्टेलो यांच्या गीतरचनेचा विचार

एखादा कलावंत वारंवार प्रकार बदलू लागला की टीकाकारापुढे दोन सोप्या वाटा असतात : त्यास बहुमुखी म्हणून गौरवावे, अथवा चंचल म्हणून बाजूस सारावे. दोन्ही वाटांनी मूळ प्रश्न टाळला जातो. नव्या प्रकाराने त्याच्याकडून काय मागितले आणि त्याने ते कितपत दिले, हा तो प्रश्न होय. लंडन येथे १९५४ साली जन्मलेले रॉक गायक-गीतकार एल्व्हिस कॉस्टेलो यांच्या बाबतीत तो विशेष महत्त्वाचा ठरतो.

‘माय एम इज ट्रू’ (१९७७) या पहिल्या संग्रहापासून त्यांचे बळ शब्दांत आहे. श्लेष, उपरोध आणि दुखावलेल्या मनाची कडवट तीक्ष्णता हे त्यांच्या रचनेचे विशेष. मात्र या सुबत्तेतच एक दोषही दडलेला आहे. चमकदार ओळींची इतकी दाटी होते की भावना त्यांखाली गुदमरते. रॉक संगीताचा वेग हा दोष झाकून नेतो.

‘ऑलमोस्ट ब्लू’ (१९८१) मध्ये त्यांनी नॅशव्हिल येथे कंट्री परंपरेतील इतरांची गीते गायिली. येथे निष्ठा आहे; परंतु शब्द परक्यांचे असल्याने कवीची कसोटी लागत नाही. ती लागते ‘द ज्यूलिएट लेटर्स’ (१९९३) मध्ये. ब्रॉड्स्की चतुष्टकाच्या चार तंतुवाद्यांखेरीज येथे दुसरा आधार नाही. प्रत्येक गीत हे एक पत्र आहे. पत्र म्हटले की लिहिणारा आणि ज्यास लिहावयाचे तो, असे दोघे आले. त्यामुळे कवीस स्वतःचा आवाज सोडून पराया आवाज धारण करावा लागला, आणि उपरोधाला करुणेची जोड मिळाली.

‘पेंटेड फ्रॉम मेमरी’ (१९९८) हा बर्ट बॅकरॅक यांच्या सहकार्याने सिद्ध झालेला संग्रह आम्हांस सर्वांत परिपक्व वाटतो. बॅकरॅक यांच्या वळणावळणाच्या, विषम लांबीच्या स्वरवाक्यांत एकही जादा अक्षर सामावत नाही. ज्याचा दोष शब्दबाहुल्य, त्यास अशी शिस्त हितकारकच ठरली.

याउलट ‘इल सोन्यो’ (२००४) ही शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’वर आधारलेली नृत्यनाट्याची वाद्यवृंदरचना. तिच्यात कौशल्य आहे, रंगत आहे. परंतु शब्द नसल्याने रचनाकाराची ओळख पुसट होते.

कॉस्टेलो यांचे सामर्थ्य केवळ शब्दांत नसून स्वररचनेतही आहे, असा आक्षेप यावर घेता येईल. तो अंशतः मान्य करूनही असे म्हणावे लागते की, त्यांचे स्वर शब्दांच्या सान्निध्यातच अर्थवान होतात.

तेव्हा प्रकारांतराचे मोल प्रकारांच्या संख्येवरून ठरत नाही. जो प्रकार कलावंताच्या सवयीस विरोध करतो, तोच त्यास घडवितो. जो तिला केवळ नवा पोशाख चढवितो, तो नाही. दीर्घ कारकीर्दीच्या अभ्यासकाने हा भेद नजरेआड करू नये.