बॅफोमेटची मूर्ति : नांव, आरोप आणि रूप

मूर्तीचें नांव, तिच्याविषयींची दंतकथा आणि तिचें प्रत्यक्ष रूप हीं तिन्ही एकाच कालचीं असतात, असें गृहीत धरण्याची प्रवृत्ति पुष्कळ आढळते. पाश्चात्य देशांत शोभेची वस्तु म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅफोमेटच्या मूर्तीविषयीं हा प्रमाद नित्याचा झाला आहे. बोकडाचें मस्तक, मानवी धड, पंख व मांडी घातलेलें आसन असें तिचें रूप. ही मध्ययुगीन टेंप्लर योद्ध्यांची उपास्य देवता, असें सांगण्यांत येतें. तें विधान प्रमाणांस उतरत नाहीं.

प्रथम नांव. इ. स. १०९८ च्या एका क्रूसेड-योद्ध्याच्या लॅटिन पत्रांत शत्रूंच्या प्रार्थनेसंबंधीं हा शब्द येतो. तो महंमद या नांवाचा अपभ्रंश, असें बहुतेक अभ्यासक मानतात. दुसरा आरोप. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप यानें १३ ऑक्टोबर १३०७ रोजीं टेंप्लरांस धरलें, तेव्हां एका मस्तकाची पूजा हा आरोप त्यांवर होता. यातना देऊन घेतलेल्या जबान्यांत त्या मस्तकाचीं वर्णनें परस्परांशीं जुळत नाहींत. आणि पंख असलेली, बोकडाच्या शिराची ही आसनस्थ आकृति तर त्यांत कोठेंच नाहीं. अशा जबान्यांवरून देवता सिद्ध करणें न्यायास धरून नव्हे.

तिसरें रूप. त्याचा कर्ता एलिफास लेव्ही (१८१०–१८७५) हा फ्रेंच ग्रंथकार होय. उच्च मांत्रिकविद्येवरील त्याच्या १८५४–५६ च्या ग्रंथांत हें चित्र आलें. आपल्या ध्यानश्लोकांत जसा प्रत्येक आयुधास व मुद्रेस अर्थ असतो, तसाच येथें आहे. एक हात वर शुभ्र चंद्राकडे, दुसरा खालीं कृष्ण चंद्राकडे. बाहूंवर ‘विरघळव’ व ‘घट्ट कर’ या अर्थाचे किमयेंतील लॅटिन शब्द. शिंगांमध्यें ज्ञानाची मशाल. ललाटीं ऊर्ध्वमुख पंचकोण तारा. आणि बोकडाच्या शिराखालीं स्त्रीचे स्तन. विरोधी तत्त्वांचा एका देहांत समतोल, हा या रचनेचा प्राण आहे. येथें अर्धनारीश्वराचें स्मरण होणें स्वाभाविक आहे. परंतु साम्य म्हणजे संबंध नव्हे.

या कसोटीवर अलीकडील मूर्ति पाहाव्या. ‘सॅटॅनिक टेंपल’ या अमेरिकन संस्थेनें २५ जुलै २०१५ रोजीं डेट्रॉइट येथें सुमारें साडेआठ फुटांची ब्राँझमूर्ति उघडली. ओक्लाहोमाच्या विधानभवनाच्या आवारांतील दशाज्ञांच्या शिलेशेजारीं ती बसवावी, म्हणजे सर्व धर्मांविषयीं शासनाच्या समदृष्टीची परीक्षा होईल, हा मूळ हेतु होता. हेतु स्पष्ट आहे. परंतु मूर्तींत स्तन नाहींत, आणि दोहों बाजूंस एक मुलगा व एक मुलगी आहे. जें द्वंद्व एका देहांत नांदत होतें, तें बाहेर काढून शेजारीं उभें केलें. ऐक्य गेलें व केवळ सान्निध्य उरलें. बाजारांतील कित्येक लहान मूर्तींत तर तारा उलटा असतो. लेव्हीच्या मतें ऊर्ध्वमुख तारा शुभ व अधोमुख अशुभ. म्हणून ती शोभेची सूट नसून अर्थाचा विपर्यास होय.

तात्पर्य, नांव अकराव्या शतकांतलें, आरोप चौदाव्यांतला आणि रूप एकोणिसाव्यांतलें. या तिहींची एकच मोट बांधल्यानें मूर्तीस खोटें प्राचीनत्व मिळतेंच. पण यातनेखालीं वदविलेला आरोपहि सातशें वर्षांनंतर पुराव्याच्या थाटांत उभा राहतो. मृतांवरील असा अन्याय दूर करणें हें संशोधकाचें कर्तव्य होय.