सहा नंबरची सडक आणि आपली कविता

मराठी कवितेत वाट फार आहे, सडक कमी आहे. हे वाक्य आधीच टाकतो, म्हणजे ज्याला भांडायचं त्यानं भांडावं.

वाट म्हणजे पायवाट. ती वळणाची असते, दोन्ही बाजूंना बोरीबाभळी असतात, आणि शेवटी एक घर असतं, तिथं आई दिवा लावून बसलेली असते. पांढरपेशा कवी शहरात नोकरीला गेला की त्याला ही वाट आठवते. खुशाल आठवो. त्याचं घर तिथं होतं. आपलं घर त्या वाटेच्या शेवटी कधीच नव्हतं, कुसाबाहेर होतं. त्यामुळे त्याच्या आठवणीवर आपण टीका करत बसायचं कारण नाही. माझं भांडण आपल्याशी आहे. आपण सडकेवर लिहितो म्हणजे काय लिहितो?

मी मलकापूरचा. गिरणीत रिंगफ्रेमवर तुटलेला धागा जोडतो. शाळा दहावीपर्यंत. पुढचं सगळं वाचन विहारातल्या कपाटातलं आणि चौदा एप्रिलच्या स्टॉलवरचं. समीक्षेची भाषा मला येत नाही. धागा कुठं तुटला ते मात्र कळतं, तेवढ्यावर लिहितो.

आमच्या गावातून हायवे जातो. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघतो, धुळे, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर करत मलकापूर. पुढं नांदुरा, खामगाव, अकोला, अमरावती, नागपूर आणि थेट रायपूरकडं. पूर्वी कलकत्त्यापर्यंत तो राष्ट्रीय महामार्ग ६ होता. २०१० साली देशभरचे नंबर बदलले, तो ५३ झाला, आणि त्याचं दुसरं टोक आता ओडिशात पारादीपला आहे. आशियाई महामार्गांच्या यादीत तोच ४६. एका सडकेला तीन नंबर. टपरीवरचे म्हातारे अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. मीही तेच म्हणतो, कारण माझ्या डोक्यात ती त्याच नावानं बसलीय.

लहानपणी ही सडक म्हणजे ‘तिकडं जायचं नाही’ एवढीच होती. मग ती कापसाच्या गाठींची झाली. हंगामात जिनिंगमधून गाठी भरलेले ट्रक निघायचे, आणि बाप त्यांच्याकडं बघून भाव सांगायचा. त्याच्याकडं शेत नव्हतं, तरी भाव पाठ. पुढं मला कळलं की आमच्या भागाला सडक आणि रेल्वे मिळाली तीच मुळात या पांढऱ्या मालाच्या ओढीनं. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजाच्या ताब्यात आलं. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, वऱ्हाडच्या काळ्या मातीला मोल आलं. १८६७ पर्यंत भुसावळ-मलकापूरवरून जाणारी रेल्वे नागपूरला पोचली होती. माणसं नेणं ही नंतरची गोष्ट. आधी गाठी गेल्या.

पण माणसं गेली, आणि वर्षातून दोनदा अशी जातात की विसरता येत नाही. दसऱ्याला नागपूरकडं, दीक्षाभूमीला. सहा डिसेंबरला उलट दिशेनं, मुंबईला, चैत्यभूमीला. १९५६ साली दीक्षा आणि महापरिनिर्वाण यांत दोन महिन्यांचंही अंतर नव्हतं. मलकापूर दोन्हींच्या वाटेवर आहे. पोरपणी मला वाटायचं सडकेला दोनच टोकं असतात, एक दीक्षेचं आणि एक मरणाचं.

या सगळ्यावर मी एक कविता केली. जयंतीच्या कार्यक्रमात म्हटली, टाळ्या पडल्या. दोन ओळी देतो, लपवत नाही:

सहा नंबर, तू माझ्या छातीवरचा जाहीरनामा
तुझ्या डांबरात मी उद्याचा सूर्य ओतून ठेवलाय

घरी आल्यावर आजीनं विचारलं, “डांबर तू कदी ओतलं रे बाप्पा?”

मी हसलो. ती हसली नाही. आजी बहात्तरच्या दुष्काळात मोताळ्याकडच्या कामावर खडी फोडायला होती. तेव्हा मिलोची लाल भाकर आणि वर सुकडी, हे ती अजून सांगते. मी म्हटलं, “आजी, तूच तर हे सडक केली, तेच लिहलंय मी.” तर म्हणाली, “खोटं नोको लिवू. सहा नंबर मी नाही केली. मी तिले मिळनारी केली. दिवसाची खडी मुकादम मोजे, अन् मस्टरवर अंगठा घे. ते मोजमाप कोठी हाय तुया कवितेत?”

मित्रांनो, माझ्या कवितेवर झालेली ही सगळ्यात खरी समीक्षा. मी आजीला महाकाव्याची नायिका करायला निघालो होतो, तिला फक्त आपलं मोजमाप बरोबर हवं होतं. मोठ्या सडकेचं श्रेय तिनं नाकारलं, लहान सडकेचं सोडलं नाही.

त्या दिवसापासून मी आपली पुस्तकं पुन्हा वाचली. या वेळी एकच प्रश्न हातात धरून: सडक कुणी केली, तिच्यावर कुणाला चालू दिलं, आणि लिहिणाऱ्यानं हे दोन्ही मोजून लिहिलं का?

पहिलं बाबासाहेबांचं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही पुस्तिका १९९० साली छापून आली. आपण ती दुःखाची कहाणी म्हणून वाचतो. मी ती सडकेचं पुस्तक म्हणून वाचली. १९०१ साली मसूर स्टेशनवर पोरं उतरतात. वडिलांकडं गोरेगावला जायचंय. जात कळल्यावर गाडीवान दुप्पट भाडं घेतो, तरी गाडी पोरांनीच हाकायची आणि तो मागून चालणार. रात्री नाक्यावर भीमराव टोलवाल्याकडं पाणी मागतो, मुसलमान आहोत असं उर्दूत सांगतो, तरी पाणी मिळत नाही. भाडं किती, गाडी कुणी हाकली, पाणी कुठं नाकारलं, सगळं जिथल्या तिथं. एक विशेषण जास्तीचं नाही.

आणि चाळीसगाव, १९२९. धुळ्याहून येताना ते चाळीसगावला उतरतात. टांगेवाले महाराला न्यायला तयार नाहीत. शेवटी टांगा मिळतो, पण टांगेवाला हाकणार नाही. मग आपल्यातलाच एकजण लगाम धरतो, ज्यानं आधी कधी टांगा हाकलेला नाही. नाल्यावरच्या पुलाशी घोडा बिथरतो, बाबासाहेब दगडावर फेकले जातात, पाय मोडतो. हे लिहिताना ते टांगेवाल्यांना सोडत नाहीतच, पण आपल्या माणसांनाही सोडत नाहीत. पाहुण्याच्या मानाचा विचार करताना त्याच्या जिवाचा विचार राहून गेला, हेही नोंदवतात. आपल्या माणसाची चूक न ओरडता, न लपवता लिहिणं ही समीक्षा. आपल्या कवितेत ती मला फार थोडी दिसते. आपल्या कवितेत चूक नेहमी समोरच्याची.

दुसरं बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ (१९८६). त्यात फलटणकडच्या बायकांची सडक आहे. समोरून वरच्या जातीचा पुरुष आला की बाईनं रस्ता सोडून कडेच्या झाडीत उतरायचं. म्हणजे सडक सरकारी, पण तिच्यावरचा नियम गावाचा. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) सुरूच होतं ते रत्नागिरीच्या बाजाराला डोंगर उतरून, डोक्यावर ओझं घेऊन जाणाऱ्या बायकांपासून. या दोघींनी सडक पायानं मोजलीय. आपण पुरुष कवींनी ती बहुतेकदा तोंडानं मोजली.

आता आपल्या थोरल्यांकडं येतो. अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून बापाबरोबर चालत मुंबईला आले. १९५८ च्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी सांगितलं की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलितांच्या आणि कामगारांच्या तळहातावर आहे. नारायण सुर्वे जन्मताच रस्त्यावर टाकलेलं पोर, गिरणी कामगारानं उचलून वाढवलं. १९६६ च्या संग्रहाला त्यांनी नाव दिलं ‘माझे विद्यापीठ’. नामदेव ढसाळ मुंबईत टॅक्सी चालवत होते, आणि १९७२ च्या ‘गोलपिठा’नं कामाठीपुऱ्याचा रस्ता मराठीच्या दिवाणखान्यात आणून ठेवला. हे उपकार मी विसरत नाही.

पण त्यानंतर आपण काय केलं? मुंबईचा फुटपाथ उचलला आणि तसाच मलकापूरच्या कवितेत अंथरला. अरे, आमच्या हायवेला फुटपाथ आहे कुठं? आमच्याकडं साइडपट्टी असते. डांबर संपतं तिथून शेताच्या नालीपर्यंतची मातीची पट्टी. पाठीवर दप्तर घेतलेली पोर तिच्यावरून शाळेत जाते, सरपणाचा भारा तिच्यावरून येतो, पंक्चरची टपरी तिच्यावर उभी असते, मोर्चा तिच्यावर थांबतो. साइडपट्टी हा शब्द मला आपल्या एकाही कवितेत सापडला नाही. माझ्याही नाही. ढसाळांनी आपल्या गल्लीचे शब्द वापरले. आपण ढसाळांचे शब्द वापरतो आणि त्याला विद्रोह म्हणतो. ती नक्कल आहे, आणि नक्कल कुणाची केली यानं ती कमी होत नाही.

दुसरी आपली सवय, सडक म्हणजे मोर्चा. त्याला इतिहास आहे, आणि तो आपल्या जिल्ह्यात आहे. १९७९ च्या नोव्हेंबरात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी जोगेंद्र कवाडे सरांचा लाँग मार्च नागपूरहून औरंगाबादला निघाला. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी तो अडवला. नामांतर व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. पण त्या मोर्च्यावरच्या आपल्या कविता काढून बघा. मशाल आहे, ज्वाला आहे, वादळ आहे. रोज किती कोस चालले, चपला कुठं तुटल्या, रात्री कोणत्या गावच्या बौद्धवाड्यानं भाकरी बांधून दिल्या, ते फार थोडं आहे. ज्यांनी भाकरी थापल्या त्यांतल्या बहुतेक आता गेल्या. मशाली दुसऱ्या कवितेतही मिळतील. त्या भाकरी आता कुठं मिळणार?

मला हे का टोचतं ते सांगतो. जून २०२२ मध्ये याच सहा नंबरवर, अमरावती-अकोला टप्प्यात, ७५ किलोमीटर डांबराचा सलग थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. कामगार ७२०, असा आकडा आला. लोकांना तास पाठ झाले. नांदुऱ्यातला हायवेकाठचा हनुमान १०५ फुटांचा, तोही पाठ. त्या ७२० जणांतलं एक नाव मला येत नाही. तुम्हाला येतं का?

पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे, नांदुरा तालुक्यात वडनेर भोलजीजवळ सडकेच्या कडेला मजूर झोपले होते. मेळघाटातली माणसं, सडकेच्याच कामावर आलेली. त्यांच्या अंगावरून ट्रक गेला. माणसं मेली. ते झोपले होते ती जागा साइडपट्टीचीच. ज्या सडकेच्या कामाला आले, तिच्या कडेशिवाय त्यांना झोपायला दुसरी जागा नव्हती. मी त्या आठवड्यात रातपाळीला होतो. सायकलवर घरी येताना बातमी कळली, आणि माझी ‘सूर्य ओतलाय’ ही ओळ आठवली. लाज वाटली. ती माणसं आदिवासी होती, आपल्या जयंतीच्या मंडपातली नव्हती. म्हणून आपण त्यांच्यावर एक ओळ लिहिली नाही काय? हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला. उत्तर चांगलं आलं नाही.

कुणी म्हणेल, मग कविता म्हणजे काय मस्टर आहे? हजेरी लावायची? मी म्हणतो, आधी हजेरी तर लावा. ज्यांची कधी कुठंच लागली नाही त्यांची निदान कवितेत लागू द्या. रागाला माझी ना नाही. १९७४ साली आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात ढाकळीला दोन भावांचे डोळे काढले, ते ऐकून ज्याला राग येत नाही त्यानं लिहूच नये. पण बाबासाहेबांनी टोलनाक्यावरची रात्र लिहिली तेव्हा राग शब्दांत नव्हता, हिशोबात होता. म्हणून तो अजून विझला नाही. आपल्या कवितेतला राग टाळ्या संपल्या की विझतो, हे मी स्टेजवर उभा राहून पाहिलंय.

माझी ती कविता मी छापायला देत नाही. दुसरी लिहितोय. रोज आजीजवळ बसतो आणि विचारतो: सडक कुठून कुठपर्यंत, संगती कोण कोण होत्या, मुकादम खडी कशी मोजे. ती सांगते, मधेच विसरते, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करते. संगतीच्या अकरा बायकांपैकी आतापर्यंत तिला सात नावं आठवली आहेत. चार राहिलीत.

तुमच्या गावातही कुणी खडी फोडलेली असेल. ती म्हातारी बसलीय तोवर जाऊन विचारा. मग कविता लिहा, आणि लिहिल्यावर आधी तिलाच वाचून दाखवा.

जय भीम.