संहिता वाचतो कोण?

25 जानेवारीच्या रात्री मुंबईतल्या एका नाट्यगृहाचे दिवे मालवतच नाहीत. चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा रात्री सुरू होते आणि प्रजासत्ताक दिन उजाडेपर्यंत चालते. इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका इथे एकमेकींसमोर उभ्या राहतात. विंगेत पोरं नेपथ्य खांद्यावर घेऊन धावतात, बाहेर चहाला रांग लागते, आणि प्रेक्षकांत नाटक-मालिकांच्या धंद्यातली जाणती माणसं चांगलं काही दिसतंय का ते बघत जागी असतात. पहाटे तीनला एखादं वाक्य असं पडतं की सगळं सभागृह उठून बसतं. ते कोणी लिहिलंय, याची चौकशी मध्यंतरातच सुरू होते.

मराठीत नव्या पटकथालेखकाकडे लक्ष जाण्याचा सगळ्यांत भरवशाचा रस्ता आजही हाच आहे. पुण्यात 1963 पासून चालत आलेला पुरुषोत्तम करंडक, फिरोदिया, मुंबईची आयएनटी, गेल्या दशकातली लोकांकिका, या स्पर्धांनी पडद्याला लेखकांच्या पिढ्या पुरवल्या. ‘अरे आव्वाज कुणाचा’ या घोषणेच्या गदारोळात ज्याची संहिता टिकली, त्याला पुढे मालिकेचं बोलावणं येतं. ‘एलिझाबेथ एकादशी’ची कथा लिहिणाऱ्या मधुगंधा कुलकर्णी किंवा ‘झिम्मा’ लिहिणाऱ्या इरावती कर्णिक रंगभूमीवरूनच आल्या. हा रस्ता चांगला आहे. अडचण एवढीच की तो नाटकाचा आहे. एकांकिकेत जिंकतं ते समोरासमोरचं, बोललेलं, तासाभरात पेट घेणारं. पटकथेत माणसं गप्प असतानाही गोष्ट पुढे सरकावी लागते. ज्याची खरी ताकद या गप्प राहण्यात आहे, तो स्पर्धेच्या रात्री दिसतच नाही.

पूर्वी आणखी एक दार होतं, छापील पानाचं. व्यंकटेश माडगूळकर कथाकार म्हणून नावारूपाला आले आणि सिनेमासाठीही लिहिते झाले. ‘मंथन’ची पटकथा विजय तेंडुलकरांकडे गेली तेव्हा त्यांची नाटकं महाराष्ट्रभर गाजत होती. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा गोविंद निहलानींच्या हाती लागली आणि तिच्यातून 1983 साली ‘अर्धसत्य’ उभा राहिला. लेखक आधी वाचला जायचा आणि मग त्याला सिनेमा विचारायचा. हे दार आज पुरतं बंद झालेलं नाही, पण त्याच्या बिजागऱ्या गंजल्या आहेत. दिवाळी अंक घेऊन नवी कथा शोधत बसणारा निर्माता आता विरळाच.

या दाराची जागा घेतली नॅरेशनने. अंधेरी-वर्सोव्याच्या ऑफिसांत लेखक संहिता ठेवून येत नाही, ती ऐकवून येतो. समोरचा ऐकता ऐकता फोन उचलतो, कोणीतरी कॉफी विचारतं, आणि लेखकाला सुटलेला धागा पुन्हा पकडावा लागतो. सलीम-जावेद यांच्या काळापासून ही चाल आहे. ‘शोले’ची कल्पना चार ओळींत सांगून विकली गेली, ही गोष्ट इथे आजही पुराणकथेसारखी ऐकवली जाते. पण याच जोडीने 1973 साली ‘जंजीर’च्या पोस्टरांवर आपलं नाव नव्हतं म्हणून माणूस लावून शहरभर ते रंगवून घेतलं होतं, हेही विसरता कामा नये. लेखकाला दिसण्यासाठी त्या काळीही शिडी लावून भिंतीवर चढावं लागत होतं.

नॅरेशनचा दोष निर्मात्यांच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. तो पद्धतीतच आहे. ऐकवताना जमतं काय? धक्का, टाळीचं वाक्य, मध्यंतराचं वळण. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ एखाद्या अनोळखी लेखकाने खोलीत बसून ऐकवला असता तर तो कसा ऐकू आला असता? एका शाहिरावर खटला होतो. तारीख पडते. पुढची तारीख पडते. न्यायाधीश सहलीला जातात. वीस मिनिटांत समोरच्याने घड्याळ पाहिलं असतं. या सिनेमाचं सगळं बळ कॅमेरा कुठे थांबतो, वकीलबाई कोर्टातून घरी जाऊन पोळ्या कशा करतात, यात आहे. ते बळ वाचणाऱ्याला कळतं, ऐकणाऱ्याच्या हातून निसटतं. अशा किती संहिता त्या खोल्यांत निसटल्या असतील, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

मालिकांकडे वळलेल्यांची गोष्ट वेगळी. तिथे काम मिळतं, पगारासारखे पैसे मिळतात आणि हात चालता राहतो. पण कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, ट्रॅक चॅनेलचा, आणि एपिसोडची बँक संपत आली की रात्रीत लिहून द्यायचं. संवादलेखक म्हणून शिरलेल्याचं स्वतःचं असं काय आहे, हे पाच वर्षांनीही कुणाला सांगता येत नाही. कधीकधी त्यालाही नाही.

म्हणून मग लेखक दिग्दर्शक होतात. नागराज मंजुळे यांनी शाळेची ओढ लागलेल्या पोराची ‘पिस्तुल्या’ ही छोटी फिल्म केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तिथून 2013 च्या ‘फँड्री’कडे वाट निघाली. ते कवी होते, गोष्ट त्यांच्याकडे आधीपासून होती. ती लोकांना दिसली ती पडद्यावर आल्यावर. हे यश मोठंच आहे. तरी त्याचा नियम करणं अन्यायाचं ठरेल. प्रत्येक लिहिणाऱ्याला कॅमेऱ्यामागे उभं राहायचं नसतं, आणि शॉर्ट फिल्मलाही पैसे लागतात.

मग नुसत्या कागदावरून कुणी पुढे आलंच नाही का? आलं, आणि ते उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. बिप्लब गोस्वामी यांनी एका रेल्वेप्रवासात झालेल्या नववधूंच्या अदलाबदलीची गोष्ट 2014 साली स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सारांशरूपात नोंदवली. 2018 साली ‘टू ब्राइड्स’ ही पूर्ण पटकथा नोंदवली. ती एका अखिल भारतीय पटकथा स्पर्धेत गेली आणि उपविजेती ठरली. परीक्षकांत आमिर खान होते. त्यांनी ती वाचली आणि किरण राव यांच्याकडे दिली. स्नेहा देसाईंनी तिच्यावर नवी पटकथा आणि संवाद लिहिले, आणि मार्च 2024 मध्ये ‘लापता लेडीज’ प्रदर्शित झाला. पहिल्या नोंदणीपासून जवळजवळ दहा वर्षं. पुढे चित्रपटावर उसनवारीचा आरोप झाला तेव्हा गोस्वामींच्या मदतीला आल्या त्या याच दोन नोंदणीच्या तारखा.

नोंदणीने तारीख सिद्ध होते, त्यापलीकडे फारसं काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की कल्पनेवर कुणाचा स्वामित्वहक्क नसतो, तो तिच्या मांडणीवर असतो. म्हणजे नव्या लेखकाने खोलीत गोष्ट ऐकवावी तर कल्पना उघडी पडते, आणि पूर्ण लिहून द्यावी तर ती कुणी वाचत नाही. 2012 च्या दुरुस्तीने पटकथाकाराला रॉयल्टीचा हक्क दिला, हे मोठं पाऊल होतं. पण तो हक्क चित्रपट झाल्यावरचा आहे.

ओटीटी आल्यावर हे बदलेल असं वाटलं होतं. नेटफ्लिक्स मात्र आगंतुक संहिता घेत नाही. एजंट, निर्माता किंवा आधीची ओळख असलेल्या कुणामार्फतच ती पोचावी लागते. अमेरिकेत 2005 साली फ्रँकलिन लेनर्ड या तरुण अधिकाऱ्याने सहकाऱ्यांना विचारून आवडलेल्या, पण न बनलेल्या संहितांची यादी केली. ‘ब्लॅक लिस्ट’ नावाची ती यादी पुढे दरवर्षी निघू लागली; ‘स्लमडॉग मिलेनियर’ आणि ‘आर्गो’ तिच्यात होते. अशी यादी करायला भांडवल लागत नाही. आधी संहिता वाचणारी माणसं मात्र लागतात, आणि मराठीत वाचण्यासाठी पगार घेणारा माणूस एखाद्या निर्मितीसंस्थेत सापडला तर नवलच. राज्य सरकारचं अनुदानही तयार चित्रपट पाहून, त्याला दर्जा देऊन मिळतं. लिहिण्याच्या वर्षभराचा त्यात हिशेब नाही.

‘कोर्ट’च्या बाबतीत तो हिशेब एका माणसाने केला. अभिनेते विवेक गोम्बर यांनी ताम्हाणेंच्या ‘ग्रे एलिफंट्स इन डेन्मार्क’ या नाटकात काम केलं होतं, त्यामुळे पोराची ओळख होती. त्यांनी लिहिण्यासाठी दरमहा पैसे देऊ केले. सिनेमा कधी होईल, होईल की नाही, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. 2014 साली ‘कोर्ट’ व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातून दोन पुरस्कार घेऊन आला, आणि 2020 साली ताम्हाणेंच्याच ‘द डिसायपल’ला तिथे पटकथेचा पुरस्कार मिळाला. पण दरमहा पैसे येऊ लागले तेव्हा यातलं काहीच नव्हतं. एक मुलगा मुंबईच्या कोर्टांत मागच्या बाकावर जाऊन बसायचा, तारखा पडताना ऐकायचा आणि घरी येऊन लिहायचा.