फ्रान्सिस मॅकनट यांचे ‘हीलिंग’ : बरे न झालेल्यांचा प्रश्न

१९६७ साली अमेरिकेतील ड्युकेन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या प्रार्थनाशिबिरातून कॅथलिक करिष्मॅटिक चळवळ उभी राहिली. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील कृपादाने, त्यात रोग बरे करण्याचेही, आजही मिळतात, ही तिची श्रद्धा.

मॅकनट यांच्या ‘हीलिंग’ (१९७४) या पुस्तकाचा पाया एका वर्गीकरणावर आहे : दुखणे आत्म्याचे, भावनांचे की शरीराचे, हे ओळखून प्रार्थना करावी. रुग्ण बरा झाला नाही म्हणजे त्याचीच श्रद्धा तोकडी, असा सरसकट ठपका ते ठेवत नाहीत. हे मोलाचे आहे. असा ठपका कधीकधी आजारापेक्षा जड होतो. पण बरे न होण्याची कारणे ते इतकी देतात (श्रद्धेचा अभाव त्यांतही आहेच) की प्रार्थनेचा दावा खोटा ठरायला जागाच उरत नाही. भाविकाला हे चालेल, अभ्यासकाला चालणार नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनी थॉमस चोर्डास यांचे ‘द सेक्रेड सेल्फ’ (१९९४) सोबत वाचावे. चमत्कार घडला का, यापेक्षा प्रार्थनेत रुग्णाचे स्वतःविषयीचे भान कसे बदलते, हे ते तपासतात. ज्याची गाठ तशीच राहिली, त्याला मात्र हेही उत्तर अपुरेच वाटेल.