यादीतले औषध आणि हातातले औषध

पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. सरकारी याद्यांचे परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादी'ची नवी आवृत्ती जाहीर केली. तिच्यात ३८४ औषधे आहेत. ३४ नव्याने आली, २६ वगळली गेली. ही यादी आपल्या गावातून, म्हणजे रोह्याला लागून असलेल्या वरसे गावातून वाचली तर कशी दिसते, ते पाहू.

प्रथम मूळ कल्पना समजून घेऊ. बाजारात औषधांची हजारो नावे असतात, पण बहुसंख्य लोकांचे बहुतेक आजार मोजक्या औषधांनी बरे होतात किंवा आटोक्यात राहतात. आजार किती जणांना होतो, औषध किती गुणकारी व सुरक्षित आहे आणि त्याचा खर्च परवडतो का, या कसोट्या लावून ही मोजकी औषधे निवडायची. १९७५ साली हाथी समितीने आपल्या देशासाठी ११७ औषधे सुचवली होती. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली यादी १९७७ ची. भारताची राष्ट्रीय यादी मात्र १९९६ साली आली.

या यादीचा मोठा गुण म्हणजे तिची भाषा. येथे औषधे कंपनीच्या नावाने येत नाहीत, मूळ नावाने येतात. शिवाय प्रत्येक औषधापुढे ते प्राथमिक, दुय्यम की तृतीय स्तरावरच्या रुग्णालयात असावे, हे नोंदवलेले असते. सर्पविषावरील प्रतिविषापुढे तिन्ही स्तरांची खूण आहे. याचा सरळ अर्थ असा, की भातलावणीच्या दिवसांत बांधावर कुणाला फुरसे किंवा घोणस चावली, तर प्रतिविषासाठी त्याला अलिबाग किंवा मुंबई गाठावी लागू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मिळावे. विष रक्तात भिनत असताना वेळेची किंमत काय असते, हे कोकणात कुणाला सांगायला नको.

पण आमचा पहिला आक्षेप येथेच आहे. यादी 'काय असावे' ते सांगते, 'किती असावे' आणि 'नसेल तर जबाबदार कोण' हे सांगत नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत झाले. निर्णय चांगलाच आहे. मात्र कपाटात औषध नसेल, तर रुग्णाच्या हाती बाहेरून आणण्याची चिठ्ठी पडते आणि मोफत उपचार रुग्णालयाच्या दारातच संपतो. तामिळनाडूने यावर उपाय शोधला. १९९४ साली तेथे औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभी राहिली, प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक मिळाले, आणि नमुने तपासल्याशिवाय औषध वाटायचे नाही असा नियम झाला. महाराष्ट्राने २०१७ साली ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली आणि २०२३ साली स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. म्हणजे तामिळनाडूच्या वाटेला लागायला आपल्याला जवळजवळ तीस वर्षे लागली.

दुसरा आक्षेप किमतीबद्दल. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार यादीतील औषधांना कमाल किंमत ठरवून दिली जाते. कशी? बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या उत्पादनांच्या किमतींची सरासरी काढायची आणि तिच्यात विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळवायचा. आपण हिशेब करून पाहू. समजा एकच गोळी तीन कंपन्या दुकानदाराला १, ४ आणि १० रुपयांना देतात. सरासरी ५ रुपये, कमाल किंमत ५ रुपये ८० पैसे. दहावाली खाली आली हे खरे, पण गोळी बनवायला खर्च किती येतो, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. १९९५ च्या आदेशात उत्पादनखर्च हा आधार होता. आता बाजार स्वतःच स्वतःचे माप ठरवतो. शिवाय यादीत एखादी ठरावीक मात्रा असेल, तर त्याच औषधाची यादीबाहेरची मात्रा किंवा दुसऱ्या औषधाशी केलेले मिश्रण या कमाल किमतीतून निसटते.

तिसरा आक्षेप आपल्या जिल्ह्याशी निगडित आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला. त्यांचा लेख १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. विंचवाच्या विषामुळे शरीरात जी संप्रेरके उसळतात, त्यांचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम ही गोळी रोखते, आणि रुग्णाचे हृदय व फुप्फुसे वाचतात. हे ज्ञान रायगडमधल्या रुग्णांच्या उशाशी बसून मिळाले, दिल्लीतल्या समितीच्या बैठकीत नव्हे. म्हणून राष्ट्रीय यादीला जिल्ह्याची पुरवणी हवी. विंचू, साप, भातशेती आणि धाटावची रासायनिक कारखानदारी एकत्र असलेल्या रोहे तालुक्याची गरज लातूरसारखी असणार नाही.

एवढे दोष असूनही ही यादी आम्हाला मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे नागरिकाला नेमका प्रश्न विचारता येतो. 'औषधे नाहीत' ही तक्रार हवेत विरते. 'यादीतले अमुक औषध या स्तरावर असायला हवे, ते का नाही?' या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

शिक्षकांनी वर्गात एक उपक्रम जरूर करावा. मुलांना घरातली औषधांची रिकामी पाकिटे आणायला सांगावे. त्यांवरचे मूळ नाव, मात्रा आणि किंमत फळ्यावर लिहावी. एकाच नावाच्या व मात्रेच्या गोळीच्या किमतींत किती फरक पडतो, ते मुलांनीच काढावे. मग यादीत ते नाव शोधावे. अंकगणित आणि रसायनशास्त्र तर होईलच, नागरिकशास्त्राचाही एक धडा आपोआप होईल.