पायाखालचं रुखवत

गिटार वाजवणाऱ्यांच्या इन्स्टाग्रामवर एक फोटो पुन्हा पुन्हा दिसतो. बरोबर वरून काढलेला. खाली लाकडी फरशी किंवा राखाडी गालिचा, मध्ये काळी ॲल्युमिनियमची चौकट आणि तिच्यावर दोन ओळींत बसवलेली आठ, दहा, चौदा रंगीत पेडलं. एकही केबल वाकडी नाही. एकाही पेडलवर ओरखडा नाही. फोटोत गिटार नसते. माणूसही नसतो, फार तर पांढऱ्या बुटाचं टोक असतं. खाली शेकडो बदाम आणि एकच प्रश्न: वरच्या ओळीतलं डावीकडून तिसरं कुठलं?

ज्यांनी हे प्रकरण कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गिटार आणि ॲम्प यांच्या मधोमध, पायाने दाबायचं बटण असलेली छोटी डबी म्हणजे पेडल. कुणी आवाज फाडतं, कुणी त्याचा प्रतिध्वनी करतं, कुणी त्याला लाटांवर हलवतं. या डब्या एका फळीवर पक्क्या केल्या, एकमेकींना जोडल्या आणि त्यांना वीज दिली की झाला पेडलबोर्ड. कामाची वस्तू आहे. पण तो फोटो पाहताना मला लग्नातलं रुखवत आठवतं. सगळं मांडलेलं, झालरी लावलेली, पाहुणे रांगेने बघून जातात आणि चकलीला हात कुणीच लावत नाही.

हे मी बाहेरून बोलत नाही. मीही मांडलं होतं. नऊ पेडलं, त्यातली तीन हप्त्यांवर.

गंमत अशी की या डब्यांचा जन्मच मुळात बिघाडातून झाला. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंग कन्सोलच्या एका चॅनलमध्ये दोष निर्माण झाला आणि ग्रेडी मार्टिनची बास गिटार फाटक्या भोंग्यासारखी वाजली. १९६१ साली गाणं त्याच आवाजासकट बाहेर आलं. इंजिनियर ग्लेन स्नॉडीने तो आवाज मुद्दाम काढणारं सर्किट तयार केलं आणि १९६२ मध्ये ते 'माएस्ट्रो फझटोन' या नावाने विकायला आलं. म्हणजे आधी एका गाण्यातला आवाज, मग त्यासाठी वस्तू. आज बोर्ड बनवणारा बहुतेक वेळा उलट्या बाजूने चालतो. वस्तू आधी येते, आणि गाणं कधी येणार ते ठरलेलं नसतं.

यूट्यूबवरचे 'रिग रनडाउन' थाटाचे व्हिडिओ या उलट्या चालीचे मोठे शिक्षक. 'प्रीमियर गिटार' मासिकाने ते नाव रुळवलं. मैफलीआधी वादक किंवा त्याचा तंत्रज्ञ आपलं सामान एकेक करून दाखवतो. मी असे शंभरेक तरी पाहिले असतील आणि त्यांतून शिकलोही आहे. पण त्यांतला प्रश्न बहुतेक वेळा 'हे काय आहे?' असा असतो. 'हे कुठल्या ओळीवर दाबतोस, आणि कुठे मुद्दाम दाबत नाहीस?' हे विचारलं जातं ते अगदी क्वचित. एखाद्या कवीच्या घरी जाऊन फक्त शब्दकोश कुठला वापरता एवढंच विचारून परत यावं, तसं काहीसं.

या बाबतीत आयलॉन पाझ या छायाचित्रकाराचं 'स्टॉम्पबॉक्स' हे जाडजूड पुस्तक मला जास्त प्रामाणिक वाटतं. याआधी रेकॉर्ड जमवणाऱ्यांवर 'डस्ट अँड ग्रूव्ह्ज' केलेला हा माणूस. इथे त्याने नावाजलेल्या वादकांची प्रत्यक्ष वापरातली पेडलं एकेक करून, मोठी करून दाखवली आहेत. रंग उडालेले, कडा झिजलेल्या, कुठे जुन्या टेपचा डिंक. विकाऊ वस्तू म्हणून यांचा फोटो कुणी लावणार नाही. पण पाय नेमका कुठे पडतो ते त्यात दिसतं. तरीही पुस्तकाची एक मर्यादा आहेच: एकटं पेडल म्हणजे वाक्यातून उचललेला शब्द. त्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय, हे त्या चौकटीत येत नाही.

आणि बोर्डाचा सगळा अर्थ त्या आधी-नंतरमध्ये आहे. फझ आधी आणि डिले नंतर ठेवला तर फाटलेल्या सुराचे प्रतिध्वनी मिळतात. उलट ठेवलं तर प्रतिध्वनीच फाटतात आणि एकमेकांत कालवले जातात. दोन्ही आवाज कुणाला तरी हवे असू शकतात. पण जुना जर्मेनियमचा फझ फेस घ्या. त्याला गिटारचा पिकअप थेट लागतो. मध्ये बफर आला, म्हणजे सिग्नलला बळ देणारं छोटं सर्किट आलं, की आवाज कडक होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवून फझ निवळवण्याची सोय जवळजवळ जाते. आता फोटोत शोभतो म्हणून बॉसचा ट्यूनर त्याच्या आधी ठेवलात, तर बटण बंद असतानाही त्या ट्यूनरमधला बफर चालूच असतो. फोटोत हे दिसत नाही.

'ट्रू बायपास' या शब्दाचंही असंच झालंय. पेडल बंद असताना सिग्नल सरळ तारेतून जातो, मध्ये कुठलंही सर्किट येत नाही. ऐकायला किती सोवळं! पण सगळीच पेडलं अशी असली तर साध्या गिटारच्या पिकअपला लांबच लांब केबल एकट्याने ढकलावी लागते, आणि केबलच्या कपॅसिटन्समध्ये वरचे तीक्ष्ण सूर मरतात. पीट कॉर्निश या इंग्लिश कारागिराने हे फार आधी ओळखलं. डेव्हिड गिल्मोरसारख्यांसाठी बोर्ड बनवताना तो पेडलांची सर्किटं त्यांच्या डब्यांतून काढायचा, एकाच मोठ्या पेटीत बसवायचा आणि जागोजागी आपले बफर घालायचा. त्या पेट्या आजच्या डोळ्याला सरकारी कचेरीतल्या यंत्रासारख्या दिसतात. सगळी ओळखीची नावं, सगळे रंग गायब. माझ्या लेखी पेडलबोर्ड या प्रकारातलं ते सगळ्यात गंभीर काम आहे, कारण त्यात कुणाला काही दाखवायचंच नाही.

दुसऱ्या टोकाला केविन शील्ड्स. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा हा गिटारवादक मंचावर पेडलांचं आख्खं गाव वसवतो आणि त्याचे फोटो तीर्थस्थळासारखे फिरतात. साहजिकच १९९१ च्या 'लव्हलेस'चा तो वितळणारा आवाज त्या गावातून आला असं लोक धरून चालतात. पण त्यातला मोठा भाग हातातून आला. गिटारची ट्रेमोलो दांडी तळव्यात धरूनच तो तारा छेडत होता, त्यामुळे सूर सतत थोडे झुकत राहिले. जोडीला उलटा रिव्हर्ब. फोटो बघून पेडलं विकत घेता येतात, मनगट नाही.

आता माझी गोष्ट. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये आमचा बँड होता. माझी नऊ पेडलं एकाच स्वस्त अडॅप्टरवर, एका वायरीला फुटलेल्या नऊ फांद्यांवर चालत होती. साधं ॲनालॉग डिस्टॉर्शन पेडल दहा मिलिअँपसुद्धा खात नाही. डिजिटल डिले शे-दोनशे सहज मागतो, स्ट्रायमनच्या टाइमलाइनला तर तीनशे लागतात. दोघांना एकाच ताटात वाढलं की डिजिटल पेडलची किणकिण विजेच्या वाटेने फझमध्ये शिरते, आणि फझ ती मोठी करून ॲम्पला देतो. प्रत्येक पेडलला वेगळी, आयसोलेटेड वीज देणारा सप्लाय घ्यायला हवा होता. त्याच्या पैशांत मी फेझर घेतला. फेझर दिसतो, सप्लाय फळीखाली दडतो.

पहिल्या गाण्याआधीच ॲम्पमधून घरघर सुरू झाली. दुसऱ्या गाण्यात गिटार पूर्ण गेली. नऊ पेडलं म्हणजे अठरा जागी पिना, त्यांतली कुठली सैल झाली कोण सांगणार? मी गुडघ्यावर, दातात मोबाइल, टॉर्च चालू. ड्रमर थांबला नाही. गायिकेने दोन कडवी फक्त बासवर म्हटली. मग केबल सापडली, मी उठलो आणि सगळं एकदम चालू केलं.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्यातली ऐकण्यासारखी जागा म्हणजे ती दोन कडवी. मी परत येतो तिथे गाणं बंद पडल्यासारखं होतं. हे स्वतःशी कबूल करायला मला काही महिने लागले. बँड तोवर मोडला होता. कारणं बरीच होती, पण रिहर्सलचा अर्धा वेळ माझ्या वायरींत जायचा हे त्यांतलं एक होतं. हे मला तोंडावर कुणी म्हटलं नाही.

नंतर मी एक काम केलं, जे बोर्ड घेण्याआधीच करायला हवं होतं. आमच्या सहा गाण्यांचे कागद काढले आणि कुठल्या ओळीवर कुठलं पेडल खरंच चालू होतं ते पेन्सिलने लिहिलं. नऊपैकी चार निघाली. कोरस एका गाण्यात आठ सेकंद होता. फेझर कुठेच नव्हता.

म्हणून कुणी विचारलं की कुठला बोर्ड घेऊ, तर मी आधी कागद मागतो. मग टेप. बॉसचं नेहमीचं पेडल ७३ मिलिमीटर रुंद आणि १२९ खोल असतं. बाजूच्या पिनांना जागा सोडली तर पाच पेडलं शेजारी शेजारी जवळजवळ अर्धा मीटर खातात. तेवढी पिशवी तुम्ही लोकलमध्ये, रिक्षात, तिसऱ्या मजल्यावर नेणार आहात का? बॉसने १९७७ मध्ये पहिली तीन छोटी पेडलं काढली आणि पुढे सहा मावतील अशी झाकणाची प्लॅस्टिक पेटी विकली, बीसीबी-६. कुरूप पेटी. पण सातव्याला जागा नाही म्हटल्यावर माणूस निवड करतो. महागड्या चौकटीचं मला एवढंच वावडं आहे: ती मोठी घेतली जाते 'पुढे लागेल' म्हणून, आणि मग मोकळी जागा स्वतःच खरेदी करायला लागते. आयकियाच्या 'गोर्म' नावाच्या साध्या पट्ट्यांच्या फळीचे जगभर लोकांनी बोर्ड केले ते उगाच नाही. पट्ट्यांमधून केबल खाली जाते, बस.

माझा सध्याचा बोर्ड सोसायटीतल्या सुताराने दिवाणाच्या उरलेल्या प्लायमधून कापून दिला आहे. पंचेचाळीस बाय वीस. मागून उंच करायला खाली दोन पट्ट्या, आणि त्या पोकळीत आयसोलेटेड सप्लाय. वर फझ, मग ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, डिले. एप्रिलमध्ये उकाड्याने वेल्क्रोचा गोंद पाघळतो आणि ट्यूनर एक बोटभर सरकतो. प्लायच्या कडा पॉलिश करायच्या राहून गेल्यात.

फेझर विकायला काढलाय. एकाने मेसेज केला, किंमत पटली. आवाजाची क्लिप पाठवू का, असं मी विचारलं. नको म्हणाला. वरून काढलेला फोटो आहे का?