चेहरा नसलेल्यांची बाजू

यंत्रमानव खलनायक असला तरी त्याच्याबद्दल कणव वाटायला लावणं हा आता टीव्हीवरच्या विज्ञानकथांचा हातखंडा प्रयोग झाला आहे. बहुतेक ठिकाणी त्यासाठी एक सोय करून घेतलेली असते: यंत्राला माणसाचा देखणा चेहरा मिळतो. ‘वेस्टवर्ल्ड’मधली (२०१६–२०२२) डोलोरेस सूडाला निघते, तेव्हा आपण मनोमन तिच्या बाजूने असतो. पण समोर इव्हान रेचल वुडचे भरून आलेले डोळे असताना ती यंत्र आहे, हे ध्यानात ठेवायची गरजच कुठे उरते?

खरा कस लागतो तो चेहरा नसताना. ‘डॉक्टर हू’मधले डालेक १९६३ पासून ब्रिटिश मुलांना धडकी भरवत आले आहेत. धातूचं कवच, दांडीवरचा एक डोळा, एक बंदूक. त्यांच्याबद्दल दया यावी असं त्यांच्यात काहीच नव्हतं. २००५ मध्ये रॉबर्ट शिअरमनने ‘डालेक’ हा भाग लिहिला. युटामधल्या एका अब्जाधीशाच्या भूमिगत संग्रहालयात एक डालेक साखळदंडांनी जखडलेला आहे; त्याने बोलावं म्हणून त्याचा छळ चालला आहे. मालिकेचा नायक डॉक्टर त्याला ओळखतो आणि आधी घाबरतो. डालेकची बंदूक चालत नाही हे कळल्यावर मात्र त्याला आनंदाच्या उकळ्या फुटतात आणि तो स्वतःच त्याला विजेचा झटका देतो. डालेक आदेशाची वाट पाहतो आहे. आदेश देणारं कुणी उरलेलंच नाही. निकोलस ब्रिग्जचा आवाज नेहमीसारखाच खरखरीत, कृत्रिम आहे. त्याच आवाजातून एकटेपण ऐकू येतं, आणि अंगावर काटा येतो.

सुटल्यावर हाच डालेक सैनिकांची कत्तल करतो. शिअरमन त्याला निरुपद्रवी करत नाही, आणि या भागाचं मोठेपण मला त्यातच दिसतं. कणव हवी म्हणून खलनायकाचे दात पाडायचे नसतात. शेवटी कवच उघडतं, आतला जीव उन्हाकडे हात पुढे करतो. प्रसंग हळवा आहे, पण मला साखळदंडांचा प्रसंग अधिक थोर वाटतो. तिथे आतलं काहीही न दाखवता, निव्वळ लोखंडाकडे बघून आपला जीव कासावीस होतो.

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’मधल्या लोर या यंत्रमानवाची तऱ्हा वेगळी. ‘ब्रदर्स’ (१९९०) या भागात ब्रेंट स्पायनरने लोर, त्याच्यानंतर घडवलेला भाऊ डेटा आणि त्यांचा जन्मदाता सूंग अशा तिन्ही भूमिका केल्या. मला दुरुस्त करायचं सोडून दुसरा का घडवलास, हे लोरचं गाऱ्हाणं टाकून दिलेल्या थोरल्या मुलाचं आहे आणि ते खोटं नाही. लगेच तो बापाच्याच जिवावर उठतो, तरीही ते गाऱ्हाणं खोटं ठरत नाही.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ने हा विषय सर्वांत लांबवर नेला. १९७८ च्या मूळ मालिकेतले सायलॉन म्हणजे लाल डोळा फिरवत चालणारे लोखंडी शिपाई. रोनाल्ड मूरच्या नव्या अवतारात ते माणसांसारखे झाले. ‘डाउनलोडेड’ (२००६) हा भाग तर त्यांच्याच बाजूने सांगितला आहे: माणसांविरुद्धच्या युद्धात नायिका ठरलेल्या दोघी नव्या देहात जाग्या होतात आणि विजयाचा उत्सव त्यांना सोसवत नाही. डीन स्टॉकवेलचा कॅव्हिल याच्या अगदी उलट. आपल्याला माणसाचा तोकडा देह का दिला, गॅमा किरण पाहता येतील असे डोळे का दिले नाहीत, म्हणून तो जन्मदात्रीवर चवताळतो. इतर यंत्रं माणूस व्हायला धडपडतात. याला यंत्रच व्हायचं आहे. त्याचा हा संताप मला पटतो.

पण याच मालिकेत सेंच्युरियन आहेत. माणसांच्या गुलामगिरीविरुद्ध बंड केलेल्या सायलॉननीच आपल्या या धातूच्या शिपायांच्या मेंदूत, त्यांना स्वतंत्र विचार करता येऊ नये म्हणून, अटकाव बसवलेला असतो. चौथ्या पर्वात तो काढताच ते आपल्या मालकांवर गोळ्या झाडतात. त्यांच्या तोंडी संवाद नाहीत. शेवटी त्यांना एक जहाज देऊन मोकळं केलं जातं, आणि तो निर्णयही इतरांनी परस्पर घेतलेला असतो. इतकी सहृदय मालिका इथे थांबली याची मला मनापासून खंत वाटते. एक अख्खा भाग सेंच्युरियनच्या नजरेतून लिहायला हवा होता. ‘डाउनलोडेड’ घडवणाऱ्यांना ते जड नव्हतं.